कॉलेज फुटबॉलमध्ये ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर निवडायचा कसा आणि त्याचं आरपीओ पारखायचं कसं

नोव्हेंबर संपला, रेग्युलर सीझन आटोपला की अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये कोचेसची काढाकाढी सुरू होते, आणि हेड कोचला स्वतःची खुर्ची वाचवायची असेल तर पहिला नंबर बहुतेक वेळा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरचा, म्हणजे ओसीचा लागतो. मग नवीन नाव येतं आणि सगळे एकच बोलायला लागतात, हा आरपीओवाला आहे, आता पॉइंट्स पडणार. आपली कितीतरी मुलं मास्टर्स करायला पर्ड्यू, पेन स्टेट, ओहायो स्टेट, टेक्सस ए अँड एम अशा ठिकाणी येतात आणि शनिवारच्या गेम बघता बघता या खेळात पार अडकतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय, आणि इथे कोणी मुलांच्या टीमला कोचिंगमध्ये हातभार लावत असेल तर त्यांनाही उपयोग होईल.

माझं म्हणणं थोडक्यात असं की आरपीओ रोज, एकेक पाऊल धरून शिकवावं लागतं, तेव्हा ओसी निवडताना त्याचं प्लेबुक किती जाड आहे ते नंतर बघा, आधी तो शिकवतो कसा ते बघा.

आधी आरपीओ नीट समजून घ्या

आरपीओ म्हणजे रन-पास ऑप्शन. साध्या प्लेमध्ये हडलमध्येच, म्हणजे प्लेआधीच्या घोळक्यातच, ठरतं की पळायचं का फेकायचं. आरपीओमध्ये दोन्ही एकत्र कॉल होतं. पाचही लाइनमन, म्हणजे पुढच्या रांगेत उभे राहून समोरच्यांना अडवणारे, रनसाठीच ब्लॉक करतात, त्यांना पुढे काय होणार ते माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नसते. रिसीव्हर आपला रूट पळतो. क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल हातात घेऊन फेकणारा, डिफेन्सच्या एकाच माणसावर नजर ठेवतो (यालाच रीड म्हणतात), तो रन अडवायला आत आला तर बॉल ओढून घ्यायचा आणि त्याने रिकाम्या केलेल्या जागेत फेकायचा, तो जागेवर राहिला तर रनिंग बॅकला देऊन टाकायचा. क्रिकेटमध्ये मिड-ऑन पुढे आला की डोक्यावरून मारतात आणि मागे गेला की ढकलून एक रन काढतात ना, तसंच, फक्त इथे निर्णय एका सेकंदाच्या आत घ्यायचा असतो.

हे का लागतं तर साधा हिशोब आहे. पाच लाइनमन आणि त्यांना चिकटून उभा राहणारा एक टाइट एंड धरले तर तुमच्याकडे सहा ब्लॉकर. समोर बॉक्समध्ये, म्हणजे लाइनच्या समोरच्या मधल्या भागात, सात जण उभे असले की एक जण मोकळा राहणार आणि तोच रनिंग बॅकला पाडणार. आरपीओ त्या सातव्या माणसाला हात न लावता कात्रीत पकडतं, आत आला तरी चुकला, बाहेर राहिला तरी चुकला.

आता नियम, कारण सगळी गंमत नियमात आहे. पास प्ले सुरू होतो त्या रेषेच्या, म्हणजे लाइनच्या, पुढे जाणार असेल तर बॉल हातातून सुटेपर्यंत लाइनमनला कॉलेजमध्ये तीन यार्डांपर्यंत पुढे जाता येतं, एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, फक्त एक यार्ड. २०१५ मध्ये कॉलेजमध्येही एक यार्ड करायचा प्रस्ताव आला होता, तो मंजूर झाला नाही. ते दोन जास्तीचे यार्ड म्हणजे क्वार्टरबॅकला विचार करायला मिळालेला वेळ, म्हणून कॉलेजमध्ये आरपीओ इतकं फोफावलं. आणि पास लाइनच्या मागेच पकडला गेला तर ही मर्यादा लागूच होत नाही, बाहेरचे रिसीव्हरसुद्धा लगेच ब्लॉक करू शकतात, त्यामुळे बबल स्क्रीनसारखा, म्हणजे कडेच्या रिसीव्हरला लाइनमागेच झटकन टाकलेला, पास रनला जोडणं खूप स्वस्तात पडतं.

एक प्रत्यक्ष उदाहरण बघा. ३० नोव्हेंबर २०१३, आयर्न बाउल, ऑबर्न विरुद्ध अलाबामा, ऑबर्न २१-२८ ने मागे आणि शेवटचं मिनिट चाललेलं. ऑबर्न त्या ड्राइव्हमध्ये, म्हणजे बॉल हातात असतानाच्या सलग प्लेंमध्ये, रनिंग बॅक ट्रे मेसनकडे परत परत बॉल देऊन पुढे सरकत होतं, अलाबामाच्या डोक्यात आता रनच बसलेला. मग ३९ यार्ड लाइनवरून क्वार्टरबॅक निक मार्शलने परत तीच हँडऑफची अ‍ॅक्शन केली, बॉल स्वतःकडे ठेवला, डावीकडे पळाला, आणि बाहेरचा कॉर्नर, म्हणजे कडेचा डिफेंडर, त्याला पकडायला पुढे आला त्याच क्षणी त्या कॉर्नरच्या मागे एकटा उभा असलेल्या सॅमी कोट्सला बॉल टाकला, टचडाउन, ३२ सेकंद शिल्लक असताना बरोबरी. लोकांच्या लक्षात राहिला तो नंतरचा शंभर यार्डांचा किक रिटर्न आणि ३४-२८ हा निकाल, पण कोचेसनी घरी जाऊन रिवाइंड करून बघितला असेल तो हा प्ले. लाइनमनचे पाय बघा, कॉर्नरचं पाऊल बघा, आणि मार्शलने बॉल कधी सोडला ते बघा. आरपीओ बघायचं म्हणजे हेच तीन बघायचं.

फोन फिरवायच्या आधी घरातली यादी करा

उमेदवारांची नावं काढायच्या आधी हेड कोचने दोन गोष्टी कागदावर लिहायला पाहिजेत. पहिली, आपल्याकडे काय आहे. क्वार्टरबॅकचा हात पटकन सुटतो का, म्हणजे लांब फेकतो का नाही ते सोडा, कानाजवळून झटकन फेकतो का. तो पळू शकतो का, कारण पळणारा क्वार्टरबॅक असेल तर आरपीओला तिसरा पर्याय मिळतो. सेंटर आणि गार्ड, म्हणजे लाइनमधले मधले तिघे, डबल टीमवर, म्हणजे दोघांनी मिळून एकाला ढकलताना, टिकून राहतात का. स्लॉटमधला, म्हणजे लाइन आणि बाहेरचा रिसीव्हर यांच्या मधे उभा राहणारा, पोरगा मधल्या गर्दीत मार खाऊन बॉल पकडतो का. हे नसताना आरपीओवाला ओसी आणला तर पहिलं वर्ष तसंच जातं, आणि ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून, क्वार्टरबॅक आणता येतो हे खरं असलं तरी पाच लाइनमन एका उन्हाळ्यात जमत नाहीत.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, प्ले कोण कॉल करणार. हे आधी ठरलं नाही तर चांगला माणूस येणारच नाही, आणि आला तर टिकणार नाही. २०२४ मध्ये ओहायो स्टेटच्या रायन डेने प्ले कॉलिंग सोडलं आणि चिप केलीला ओसी म्हणून आणलं, केली तेव्हा यूसीएलएचा हेड कोच होता, ते पद सोडून आला. डे स्वतः न्यू हॅम्पशायरला क्वार्टरबॅक असताना केली तिथे त्याचा कोच होता, म्हणजे विश्वास जुना. त्या सीझनला ओहायो स्टेट नॅशनल चॅम्पियन झालं, फायनलमध्ये नोट्र डेमला ३४-२३ हरवलं. प्रत्येकाला असा जुना गुरू मिळत नाही, पण माईक खरंच सोपवणार का हा प्रश्न प्रत्येक हेड कोचने स्वतःला प्रामाणिकपणे विचारायला हवा.

पदाच्या नावावर जाऊ नका

कॉलेज स्टाफमध्ये पदांचा सुळसुळाट आहे, को-ओसी, पासिंग गेम कोऑर्डिनेटर, रन गेम कोऑर्डिनेटर, आणि यातला खरा स्वयंपाक कोण करतो ते बाहेरून कळत नाही. एलएसयू, म्हणजे लुइझियाना स्टेट, २०१९ घ्या. ओसीचं पद स्टीव्ह एन्समिंगरकडे होतं आणि एनएफएलच्या न्यू ऑर्लिन्स सेंट्समधून आलेला जो ब्रेडी पासिंग गेम कोऑर्डिनेटर होता. ब्रेडी त्याआधी पेन स्टेटला ग्रॅज्युएट असिस्टंट होता, २०१६ मध्ये तिथला ओसी जो मूरहेडच्या हाताखाली, म्हणजे कॉलेजचं आरपीओ आणि सेंट्सचा पासिंग गेम दोन्ही त्याने आतून बघितलेलं. क्वार्टरबॅक जो बरोने २०१८ मध्ये १६ टचडाउन पास टाकले होते, २०१९ मध्ये ६०, टीम १५-०, सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी त्याला आणि वर्षातल्या सर्वोत्तम असिस्टंटचं ब्रॉयल्स अवॉर्ड ब्रेडीला. नुसतं पद बघून कोणी ब्रेडीला ओसीच्या यादीत घेतलं असतं का? म्हणून उमेदवाराला सरळ विचारा, थर्ड डाउनला, म्हणजे दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतल्या तिसऱ्याला, कॉल कोणाचा होता, रेड झोनमध्ये, म्हणजे शेवटच्या वीस यार्डांत, कोणाचा, दर आठवड्याचा गेम प्लॅन कोण लिहायचं, आणि मग हेच त्याच्या जुन्या स्टाफमधल्या दोघा-तिघांना वेगवेगळं विचारा.

नात्यातला माणूस हा विषय नाजूक आहे पण बोलायला हवा. आयोवाला कर्क फेरेन्झ हेड कोच आणि मुलगा ब्रायन ओसी, ऑफेन्स घसरत गेलं तेव्हा २०२३ साठी करारात सरासरी २५ पॉइंट्सची अट घातली गेली, आणि त्यात डिफेन्सने आणि स्पेशल टीम्सने केलेले पॉइंट्ससुद्धा धरले जाणार होते. ती सरासरी काही गाठली गेली नाही, सीझन चालू असतानाच तो पुढच्या वर्षी नसेल असं जाहीर झालं. करारात आकडा घालायचाच असेल तर असा घाला जो ओसीच्या हातात आहे, दर ड्राइव्हमागे पॉइंट्स किंवा सक्सेस रेट, म्हणजे फर्स्ट डाउनला लागणाऱ्या यार्डांच्या निम्मे मिळाले का, सेकंडला ७० टक्के, थर्ड आणि फोर्थला पूर्ण. दर गेममागच्या पॉइंट्सवर भुलू नका, टीम भराभर स्नॅप घेत, म्हणजे प्ले सुरू करत, असेल तर ड्राइव्ह जास्त होतात आणि आकडा आपोआप फुगतो.

टेप बघताना

हायलाइट्स बाजूला ठेवा. हरलेल्या गेम्स मागवा, शक्यतो त्यातली एक अशी जिथे समोरच्या डिफेन्सकडे याच्यापेक्षा चांगले खेळाडू होते. पहिले पंधरा-वीस प्ले बरेच ओसी आधीच लिहून आणतात, त्यामुळे पहिला ड्राइव्ह सगळ्यांचाच छान दिसतो, तुम्ही तिसऱ्या क्वार्टरपासून बघा. समोरच्याने हाफटाइमला काहीतरी बदललेलं असतं, त्यावर याने काय उत्तर दिलं? का तोच प्ले चार वेळा आपटला? लाइनमन पुढे गेल्याची पाच यार्डांची पेनल्टी किती वेळा लागली ते मोजा, वारंवार लागत असेल तर एकतर क्वार्टरबॅक बॉल धरून ठेवतोय किंवा लाइनला कोणी नीट सांगितलेलंच नाही, दोन्हीला जबाबदार ओसीच. आणि थर्ड अँड एट, म्हणजे तिसरा डाउन आणि आठ यार्ड बाकी, बघायला विसरू नका, तिथे आरपीओ कामाला येत नाही, कारण रनची भीतीच कोणाला नसते, तिथे साधं मागे सरकून फेकता आलं पाहिजे. एलएसयूचं २०१९ चं ऑफेन्स एवढं भारी होतं त्याचं एक कारण हेही, की बॅकफिल्ड रिकामं करून, पाचच जणांच्या प्रोटेक्शनवर पाच रिसीव्हर बाहेर पाठवायचं धाडस त्यांच्यात होतं.

मुलाखत: बोर्डवर एकच प्ले

इथे वेळ घालवा, अर्धा दिवस घालवा. त्याचं प्रेझेंटेशन बघून झालं की लॅपटॉप बंद करायला सांगा, हातात मार्कर द्या आणि म्हणा, इनसाइड झोन, म्हणजे मधून जाणारा रन, काढ, स्लॉटला ग्लान्स दे, म्हणजे पाच पावलं सरळ जाऊन आत वळणारा रूट, आणि मी अठरा वर्षांचा क्वार्टरबॅक आहे असं समजून मला शिकव.

आता ऐका. पहिलं, रीड कोणाचा? उत्तरात एका माणसाकडे बोट गेलं पाहिजे, स्लॉटच्या आतल्या बाजूला उभा असलेला लाइनबॅकर, बस. "डिफेन्स कसं आहे त्यावर बघू" असं गोलमोल उत्तर आलं तर तो क्वार्टरबॅकलाही तेच सांगणार, आणि पोरगा शनिवारी सत्तर हजार लोकांसमोर बघत उभा राहणार.

मग अडवा. तो लाइनबॅकर ना आत आला ना मागे गेला, जागेवरच घुटमळला तर? बरोबर उत्तर म्हणजे नियम ठरलेला असणं, आणि बहुतेक चांगले कोच सांगतात की शंका आली की बॉल देऊन टाक, कारण घुटमळणारा माणूस रनला उशिराच पोचतो. मग विचारा, मॅन कव्हरेज आलं, म्हणजे एकेका रिसीव्हरवर एकेक डिफेंडर, स्लॉटच्या नाकासमोर कॉर्नर येऊन उभा राहिला आणि सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचा डिफेंडर, बॉक्समध्ये उतरला तर? आता लाइनबॅकर कात्रीत नाही, त्याला पासची काळजीच नाही. इथे ज्याला खरंच येतं तो लगेच दुसऱ्या दाराने जातो, क्वार्टरबॅकलाच पळवून एक ब्लॉकर वाढवतो, किंवा बाहेरच्या रिसीव्हरला एकास एक बघून आधीच ठरवून फेकतो, किंवा सरळ तो प्ले बदलतो. मॅनसाठी त्याच्याकडे उत्तर नसेल तर आरपीओ सप्टेंबरमध्ये चालेल आणि नोव्हेंबरमध्ये बंद पडेल.

अजून एक अवघड प्रश्न टाका, टाइट फ्रंट, म्हणजे डिफेन्सची पुढची रांग मधे दाटून उभी करण्याची पद्धत. आयोवा स्टेटसारख्या टीम्सनी तीन सेफ्टींच्या डिफेन्सबरोबर हे गाजवलं. दोन्ही डिफेन्सिव्ह एंड लाइनच्या टोकाच्या टॅकलच्या आतल्या खांद्यावर, नोझ, म्हणजे डिफेन्सचा मधला माणूस, सेंटरवर, मधल्या गॅप्स तिघांनीच बुजवलेल्या, त्यामुळे बाहेरचा लाइनबॅकर निवांत स्लॉटवर थांबू शकतो. म्हणजे तुमचा रीड वाचण्याआधीच निकालात. इनसाइड झोन अशा वेळी भिंतीवर डोकं आपटणं होतं, रन बाहेर न्यायला लागतो, नाहीतर वेगळ्याच माणसाला रीड करायला लागतं. उमेदवार बोर्डवर हे कसं पुसतो आणि परत कसं काढतो ते बघताना त्याचा खरा अनुभव दिसतो.

आणि शेवटी लाइनबद्दल विचारा. लाइनला काय सांगणार? डबल टीमवरून लाइनबॅकरकडे घाईने चढायचं नाही, तो अंगावर येईपर्यंत खालच्या माणसाला दोघांनी ढकलत राहायचं, म्हणजे रनही चांगला होतो आणि तीन यार्डांची मर्यादाही पाळली जाते. लाइन कोच कोण असणार हे त्याच बैठकीत ठरवा, कारण ओसीला झोन हवंय आणि लाइन कोच आयुष्यभर गार्ड पुल करून, म्हणजे बाजूला पळवून, पॉवर नावाचा रन शिकवत आलाय अशी जोडी जमवली तर भांडण सरावात दिसायला लागतं.

बसवायचं कसं

माणूस निवडला, आता स्प्रिंगचे पंधरा सराव असतात, आणि सीझनमध्ये एनसीएएच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या संघटनेच्या, नियमाने आठवड्याला वीस तास. एवढ्यात सगळं बसत नाही, म्हणून क्रम पाळा. सुरुवात स्नॅपच्या आधीच्या निर्णयापासून करा, बाहेर तुमचे तीन आणि त्यांचे दोन दिसले तर बबल टाक, नाहीतर रन. यात क्वार्टरबॅकला स्नॅपनंतर काही वाचायचंच नाही, आत्मविश्वास येतो. ते पक्कं झालं की लाइनबॅकरचा रीड, त्याला स्टिक (थोडं पुढे जाऊन वळून थांबायचा रूट) आणि ग्लान्स. सेफ्टीला वाचायचं आरपीओ सगळ्यात शेवटी, कारण तो लांब असतो, बॉल जास्त वेळ धरावा लागतो आणि पेनल्टीचा धोका वाढतो. पहिल्या स्प्रिंगला ते नाही झालं तरी काही बिघडत नाही.

ड्रिल साधं ठेवा. लाइन नको, डिफेन्स नको, फक्त सेंटर, क्वार्टरबॅक, रनिंग बॅक, एक रिसीव्हर, आणि लाइनबॅकरच्या जागी स्वतः ओसी उभा. स्नॅप झाला की ओसी एक पाऊल पुढे येतो किंवा मागे सरकतो, बाकी काही नाही. क्वार्टरबॅकचे डोळे बॉलवर गेले का, ते बघा, मेशमध्ये बॉल बॅकच्या पोटाशी असताना नजर त्या माणसावरून हलता कामा नये. बॅकने हात सैल ठेवायचे, बॉल दाबून धरायचा नाही, क्वार्टरबॅकने सोडला तरच आवळायचा, आणि मिळाला नाही तरी मिळाल्यासारखंच पळायचं. रनिंग बॅक कुठल्या बाजूला उभा आहे त्यावर क्वार्टरबॅकची कंबर कुठे वळते ते ठरतं आणि मग कुठल्या बाजूला फेकणं सोपं जातं तेही ठरतं, त्यामुळे सुरुवातीला सोप्या बाजूचेच थ्रो द्या. आणि मार्क निर्णयाला द्या. बॉल सुटला, खाली पडला, पण निर्णय बरोबर होता तर शाबासकी. निर्णय चुकला आणि नशिबाने टचडाउन झाला तर फिल्म रूममध्ये थांबवून दाखवा.

मैदानाची रुंदी वापरा. कॉलेजमध्ये हॅश मार्क्स, म्हणजे ज्यांच्या आतच बॉल ठेवून प्ले सुरू होतो त्या खुणांच्या दोन रांगा, एकमेकांपासून ४० फुटांवर असतात, एनएफएलमध्ये साडेअठरा. मैदान १६० फूट रुंद, म्हणजे बॉल हॅशवर असला की एका बाजूला ६० फूट आणि दुसऱ्या बाजूला १०० फूट. त्या शंभर फुटांत एकट्या लाइनबॅकरला रन आणि स्लॉट दोन्ही सांभाळायला लावणं, कॉलेजच्या ओसीला मिळालेली ही सगळ्यात मोठी देणगी आहे आणि जो ती वापरत नाही त्याला विचारा का.

२०२४ पासून वरच्या डिव्हिजनमध्ये हेल्मेटमधून कोच क्वार्टरबॅकशी बोलू शकतो, पण प्ले क्लॉकवर १५ सेकंद उरले की आवाज बंद. म्हणजे कॉल लवकर जायला हवा आणि शेवटची आठवण एका वाक्यात बसायला हवी, "बावन्नकडे बघ" एवढंच. जो ओसी तिथेही भाषण देतो त्याचा क्वार्टरबॅक गोंधळतो.

माणूस गेला तर

चांगला ओसी जाणारच हे धरून चाला. ब्रेडी एका सीझननंतर कॅरोलिना पँथर्सला गेला, बरोही एनएफएलमध्ये गेला, बरेच स्टार्टर गेले, आणि एलएसयू २०२० मध्ये ५-५ वर आलं. उलट अलाबामाकडे बघा, २०१४ पासून किफिन, डेबॉल, लॉक्सली, सार्कीशियन असे ओसी बदलत गेले आणि २०१५, २०१७, २०२० ची विजेतेपदं तरी आलीच. खेळाडू उत्तम होते हे आहेच, पण माझ्या मते प्रोग्रामची स्वतःची भाषा असणं फार मोठं आहे. प्लेची नावं, रीडचे नियम, ड्रिलच्या फिल्म्स कॉलेजच्या मालकीच्या ठेवा, नवीन माणसाला ती भाषा शिकायला लावा, चाळीस पोरांना दरवर्षी नवी भाषा शिकवण्यापेक्षा एका मोठ्या माणसाने शिकलेली बरी.

पहिल्या सीझनला काय मोजायचं

घाई करू नका. पेन स्टेटने २०१५ च्या शेवटी फोर्डममधून जो मूरहेडला आणलं, आणि २०१६ ची सुरुवात २-२, त्यात मिशिगनकडून ४९-१० असा मार. त्यानंतर सलग नऊ गेम जिंकून बिग टेन या त्यांच्या कॉन्फरन्सचं विजेतेपद, क्वार्टरबॅक ट्रेस मॅकसॉर्ली आणि रनिंग बॅक सॅक्वॉन बार्कली तेच, प्लेही तेच. चार गेम्सवरून निकाल लावला असता तर?

दर रविवारी फिल्म बघून तक्ता भरा: आरपीओ किती कॉल झाले, त्यात निर्णय किती बरोबर, हँडऑफ किती, थ्रो किती, हातातून निसटलेले किती, लाइनमन पुढे गेल्याची पेनल्टी किती. निर्णय बरोबर येतायत पण यार्ड मिळत नाहीत तर दोष ब्लॉकिंगमध्ये किंवा रिसीव्हरच्या हातात आहे, सराव तिकडे वळवा. निर्णयच चुकतायत तर मेन्यू छाटा, पुढच्या आठवड्यात तीनच आरपीओ ठेवा, तेही सोप्या बाजूचे, आणि ओसीला परत त्या ड्रिलमध्ये लाइनबॅकरच्या जागी उभं करा.